मॉडेल रेल्वेच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन ट्रॅकमधलं अंतर कसं मोजतात? जळगाव-भुसावळच्या उदाहरणावरून समजून घ्या

जळगाव ते भुसावळ हे रेल्वेने साधारण २४ किलोमीटरचं अंतर. मॉडेल रेल्वेत जगभर सर्वाधिक वापरलं जाणारं प्रमाण म्हणजे 'एचओ'. त्यात प्रत्येक वस्तू खऱ्याच्या ८७ पट लहान असते. या हिशेबाने जळगाव-भुसावळ मार्गाचं मॉडेल करायचं झालं तर २७६ मीटर लांबीची खोली लागेल.

एवढी मोठी खोली कुणाकडेच नसते. म्हणून मॉडेल करणारे लोक लांबी सरळ कापतात. भादली स्टेशन गाळतात, शेतं गाळतात, २४ डब्यांच्या गाडीऐवजी ५ डबे जोडतात. बघणाऱ्याला ते खटकत नाही.

पण एक माप असं आहे, जे कापलं की गाडी दुसऱ्या गाडीला घासते. ते म्हणजे शेजारशेजारच्या दोन ट्रॅकमधलं अंतर. गंमत म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आराखडा काढताना सगळ्यात जास्त चुका याच मापात होतात. स्क्रीनवर सगळं नीट दिसतं, रूळ विकत येतात, प्लायवूडवर ठोकले जातात आणि पहिल्याच वळणावर दोन गाड्या एकमेकींना अडकतात.

हे अंतर नेमकं काय असतं, ते कसं मोजायचं आणि खऱ्या रेल्वेत त्याला इतकं महत्त्व का आहे?

अंतर म्हणजे कुठून कुठपर्यंत?

इथे पहिला गोंधळ होतो. 'दोन ट्रॅकमधलं अंतर' म्हटलं की बहुतेक जण दोन ट्रॅकच्या मधली मोकळी जागा मोजतात. म्हणजे एका ट्रॅकच्या शेवटच्या रुळापासून दुसऱ्या ट्रॅकच्या पहिल्या रुळापर्यंत.

रेल्वे असं मोजत नाही. रेल्वेत हे अंतर एका ट्रॅकच्या मध्यरेषेपासून दुसऱ्या ट्रॅकच्या मध्यरेषेपर्यंत मोजतात. रेल्वेची माणसं त्याला 'सेंटर टू सेंटर' म्हणतात. मध्यरेषा म्हणजे दोन रुळांच्या बरोब्बर मधून जाणारी काल्पनिक रेघ. डबा या रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखाच पसरलेला असतो, म्हणून सगळा हिशेब तिथूनच सोपा होतो.

भारतीय गाड्यांचं मॉडेल करणाऱ्यांसाठी यात आणखी एक मेख आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे साडेपाच फुटांचा. युरोप-अमेरिकेचा स्टँडर्ड गेज १४३५ मिलिमीटरचा. बाजारात मिळणारे एचओ रूळ स्टँडर्ड गेजसाठी केलेले असतात, त्यामुळे त्यांच्या दोन रुळांमधलं माप १६.५ मिलिमीटर असतं. आपला ब्रॉडगेज ८७ ने भागला तर खरं तर १९.३ मिलिमीटर यायला हवा. म्हणजे तयार रुळांवर भारतीय गाडी चालवली की डबा योग्य मापाचा, पण खालचा रूळ अरुंद.

आता कुणी रुळापासून रुळापर्यंतचं खरं माप घेऊन ते ८७ ने भागलं आणि सॉफ्टवेअरमध्ये टाकलं, तर मध्यरेषांमधलं अंतर जवळपास ३ मिलिमीटर कमी भरतं. ३ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. वळणावर याच ३ मिलिमीटरवर सगळं अवलंबून असतं, ते पुढे दिसेलच.

खऱ्या रेल्वेत हे अंतर किती असतं?

भारतीय रेल्वेची मापं ठरवून देणारी एक नियमावली आहे. तिचं नाव 'शेड्यूल ऑफ डायमेन्शन्स'. ब्रॉडगेजसाठी २००४ सालच्या नियमावलीत दोन आकडे महत्त्वाचे आहेत. आधीपासून असलेल्या कामांसाठी दोन ट्रॅकच्या मध्यरेषांमधलं किमान अंतर ४२६५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास १४ फूट. नव्या कामांसाठी किमान ५३०० मिलिमीटर.

खानदेशात हा दुसरा आकडा सध्या जास्त कामाचा आहे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मूळच्या दोन मार्गिकांच्या जोडीला तिसरी आणि चौथी मार्गिका टाकली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जळगाव-मनमाड चौथी मार्गिका आणि भुसावळ-खांडवा तिसरी व चौथी मार्गिका मंजूर केली. प्रत्येक नवी मार्गिका म्हणजे जमीन, पूल, भराव. आणि ती जुन्या रुळांपासून किती लांब टाकायची, हा प्रश्न आलाच.

आता डब्याची रुंदी बघा. आपल्या मेल-एक्स्प्रेसचे डबे साधारण ३.२५ मीटर रुंद असतात. मध्यरेषांमधलं अंतर ५.३ मीटर असेल, तर दोन गाड्या शेजारून जाताना त्यांच्यामध्ये सुमारे २ मीटर जागा उरते. अंतर ४.२६५ मीटर असेल, तर उरते जेमतेम १ मीटर.

ही जागा गाड्यांसाठी आहे, माणसांसाठी नाही. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पाचोरा तालुक्यातल्या परधाडे स्टेशनजवळ हे भयंकर पद्धतीने समोर आलं. आग लागल्याच्या अफवेमुळे पुष्पक एक्स्प्रेस थांबली, घाबरलेले प्रवासी खाली उतरून शेजारच्या ट्रॅकवर गेले आणि त्याच ट्रॅकवरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ जणांचा जीव गेला. या अपघाताचं कारण ट्रॅकमधलं अंतर नव्हतं. पण थांबलेल्या गाडीतून चुकीच्या बाजूला उतरणारा माणूस दोन पावलांत दुसऱ्या गाडीच्या वाटेत असतो, हे या आकड्यांकडे पाहिलं की कळतं.

मॉडेलमध्ये हे अंतर किती ठेवायचं?

साधा भागाकार करू. ४२६५ भागिले ८७ म्हणजे ४९ मिलिमीटर. ५३०० भागिले ८७ म्हणजे सुमारे ६१ मिलिमीटर. चार मार्गिकांचं मॉडेल करायचं आणि सगळी अंतरं ५.३ मीटरची धरली, तर पहिल्या ट्रॅकच्या मध्यरेषेपासून चौथ्याच्या मध्यरेषेपर्यंत १८३ मिलिमीटर लागतील. वीतभर जागेत चार मार्गिका बसतात.

पण रूळ विकणाऱ्या कंपन्यांची स्वतःची मापं असतात आणि ती एकमेकींशी जुळत नाहीत:

- पेको स्ट्रीमलाइन: सुमारे ५१ मिलिमीटर, म्हणजे बरोबर २ इंच
- रोको लाइन: ६१.६ मिलिमीटर
- पेको सेटट्रॅक आणि हॉर्नबी: ६७ मिलिमीटर
- मार्कलिन सी-ट्रॅक: ७७.५ मिलिमीटर

एचओपेक्षा लहान असलेल्या 'एन' प्रमाणात काटो कंपनीचं माप ३३ मिलिमीटर आहे, तर टोमिक्सचं ३७.

सगळ्या कंपन्या खऱ्या रेल्वेचं मॉडेल करतात, मग मापं वेगळी का? याचं उत्तर वळणांमध्ये आहे. ज्या संचात वळणं जास्त तीव्र, त्यात ट्रॅक एकमेकांपासून लांब ठेवावे लागतात. म्हणून सॉफ्टवेअर उघडल्यावर पहिली गोष्ट ठरवायची ती ही, की रूळ कोणत्या कंपनीचे घेणार. दोन कंपन्यांचे तुकडे एकाच आराखड्यात मिसळले की अंतराचा घोळ झालाच म्हणून समजा.

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्यक्ष मोजायचं कसं?

या कामासाठी एनीरेल, स्कार्म आणि एक्सट्रॅककॅड ही नावं जास्त ऐकू येतात. पहिली दोन ठरावीक तुकड्यांच्या मर्यादेत मोफत वापरता येतात. एक्सट्रॅककॅड मुक्तस्रोत आहे, त्यामुळे पूर्ण मोफत. प्रत्येकात बटणं वेगळ्या जागी आहेत, पण मोजण्याची पद्धत सारखीच.

१. एकक तपासा. मिलिमीटर निवडा. इंच आणि मिलिमीटर यांची सरमिसळ ही नेहमीची चूक आहे. सॉफ्टवेअर जे माप दाखवतं ते मॉडेलचं असतं, स्क्रीनवरचं नाही. म्हणजे चित्र मोठं केलं किंवा लहान केलं, तरी ६१ मिलिमीटर हे ६१ मिलिमीटरच राहतात. त्यामुळे मोजताना बिनधास्त झूम करा. स्क्रीनला मात्र फूटपट्टी लावू नका.

२. मध्यरेषा दिसू द्या. ट्रॅक दोन रुळांऐवजी एका रेघेसारखा दाखवण्याची सोय असेल, तर मोजण्यापुरती ती वापरा. कोणत्या रुळापासून मोजतोय हा प्रश्नच उरत नाही.

३. मोजपट्टी काटकोनात धरा. पट्टीचं एक टोक पहिल्या ट्रॅकच्या मध्यरेषेवर ठेवून दुसरं टोक समोरच्या मध्यरेषेवर न्यायचं. पट्टी तिरकी झाली की आकडा वाढतो. खरं अंतर ६१ असेल आणि पट्टी १० अंशांनी कलली, तर ६२ दिसेल. २० अंशांनी कलली तर ६५. ३० अंशांनी कलली तर ७०. म्हणजे आराखड्यात अंतर कमी असूनही आकडा पुरेसा दिसतो, आणि हीच फसवणूक महागात पडते.

काटकोन डोळ्यांनी जुळवणं कठीण जातं. त्यावर एक सोपी युक्ती आहे. पट्टीचं दुसरं टोक समोरच्या ट्रॅकवरून हळूहळू सरकवत न्या. आकडा आधी कमी होत जाईल आणि एका जागेनंतर पुन्हा वाढायला लागेल. सगळ्यात लहान आकडा, तेच खरं अंतर.

४. दोन ठिकाणी मोजा. ट्रॅकच्या एका टोकाला ६१ आणि दुसऱ्या टोकाला ५८ आलं, तर ते ट्रॅक समांतर नाहीत. स्क्रीनवर हा फरक डोळ्यांना दिसत नाही.

५. वळणावर त्रिज्या वजा करा. दोन्ही वळणांचा केंद्रबिंदू एकच असेल, तर बाहेरच्या त्रिज्येतून आतली त्रिज्या वजा केली की अंतर मिळतं. पेको सेटट्रॅकच्या वळणांच्या त्रिज्या ३७१, ४३८ आणि ५०५ मिलिमीटर आहेत. प्रत्येक वेळी फरक ६७. केंद्रबिंदू वेगळे असतील, तर वळणाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं तीनदा मोजा.

आणखी सोपा मार्ग म्हणजे मोजायची वेळच येऊ न देणं. समांतर ट्रॅक काढण्याची सोय या सॉफ्टवेअरमध्ये असते. पहिला ट्रॅक निवडायचा, अंतर टाकायचं आणि दुसरा ट्रॅक त्याच अंतरावर आपोआप काढून घ्यायचा. त्यानंतर मोजपट्टी फक्त खात्रीसाठी.

वळणावर गाड्या एकमेकींना का घासतात?

डबा सरळ असतो, वळण गोल असतं. डब्याखाली चाकांच्या दोन ट्रॉल्या असतात आणि फक्त त्या दोन जागी डबा रुळाला धरून राहतो. त्यामुळे वळणावर डब्याचा मधला भाग वळणाच्या आत झुकतो आणि दोन्ही टोकं बाहेर फेकली जातात. आतल्या ट्रॅकवरच्या डब्याचं टोक बाहेर येतं, बाहेरच्या ट्रॅकवरच्या डब्याचं पोट आत येतं, आणि दोघं मध्ये भेटतात.

किती झुकतं, हे साध्या गणिताने काढता येतं. दोन ट्रॉल्यांच्या केंद्रांमधल्या अंतराचा वर्ग करायचा आणि त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागायचं. आलेला आकडा म्हणजे मधला भाग किती आत आला ते. टोकांसाठी डब्याच्या लांबीचा वर्ग घ्यायचा, त्यातून ट्रॉल्यांमधल्या अंतराचा वर्ग वजा करायचा आणि पुन्हा त्रिज्येच्या आठपटीने भागायचं.

आता आपल्या ओळखीचा एलएचबी डबा घेऊ. खरी लांबी सुमारे २३.५ मीटर, ट्रॉल्यांमधलं अंतर १४.९ मीटर. एचओमध्ये ते अनुक्रमे २७० आणि १७१ मिलिमीटर होतात, आणि रुंदी ३७ मिलिमीटरच्या थोडी वर. आतल्या ट्रॅकची त्रिज्या ४३८ मिलिमीटर धरली, तर तिथल्या डब्याची टोकं साडेबारा मिलिमीटर बाहेर येतात. बाहेरच्या ट्रॅकवरच्या डब्याचा मधला भाग ७ मिलिमीटरहून थोडा जास्त आत येतो. त्यात डब्याची रुंदी मिळवली की होतात ५७ मिलिमीटर.

म्हणजे या वळणावर ट्रॅकमध्ये ५१ मिलिमीटर अंतर ठेवलं, तर गाड्या धडकणारच. ६१ ठेवलं तर ४ मिलिमीटर वाचतात. ६७ ठेवलं तर १० मिलिमीटर वाचतात. आणि सुरुवातीला सांगितलेली रुळापासून रुळापर्यंत मोजण्याची चूक केली, तर ६१ चे ५८ होतात आणि वाचतो फक्त १ मिलिमीटर. डबा जरा डुलला की तोही संपला.

खऱ्या रेल्वेतही हेच गणित चालतं. फरक इतकाच, की तिथली वळणं खूप सौम्य असतात. ब्रॉडगेजवर वळणाची मर्यादा साधारण १७५ मीटर त्रिज्येची. आपण घेतलेलं ४३८ मिलिमीटरचं वळण खऱ्या मापात ३८ मीटर त्रिज्येचं होतं. असं वळण खऱ्या रेल्वेत टाकलं, तर एक्स्प्रेस गाडी त्यावरून जाऊच शकणार नाही. उलट १७५ मीटरचं वळण एचओमध्ये तंतोतंत करायचं, तर २ मीटर त्रिज्या लागेल. म्हणजे पूर्ण गोलासाठी ४ मीटरहून रुंद खोली. घरातल्या मॉडेलमध्ये ते जमत नाही, म्हणून वळण आवळलं जातं आणि त्याची भरपाई ट्रॅकमधलं अंतर वाढवून करावी लागते.

यातून एक सोयीचा मार्ग निघतो. सरळ भागात ५१ किंवा ६१ ठेवा आणि वळणावर ते वाढवा. सगळीकडे एकच आकडा ठेवण्याची सक्ती नाही.

सांध्यांजवळ कुठे मोजायचं?

गाडी एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जिथे वळते, तो सांधा. दोन सांधे समोरासमोर जोडले की दोन समांतर ट्रॅकमधला दुवा तयार होतो. इथे अंतर तुम्ही ठरवत नाही, सांध्याचा कोन ठरवतो. पेको स्ट्रीमलाइनचे सांधे १२ अंशांचे असतात आणि ते थेट जोडले की ५१ मिलिमीटर अंतर मिळतं. तेच ६१ करायचं असेल, तर दोन सांध्यांच्या मध्ये सुमारे ४८ मिलिमीटरचा सरळ तुकडा टाकावा लागतो. नवशिके इथे रूळ ओढूनताणून जुळवतात. सॉफ्टवेअरमध्ये सांधा जुळल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात तिथे कोपरा तयार होतो आणि डबा घसरतो.

सांध्याजवळची दुसरी महत्त्वाची जागा म्हणजे 'फाउलिंग मार्क'. दोन ट्रॅक एकमेकांजवळ येत जातात, तेव्हा ज्या जागेपुढे अंतर किमान मापाच्या खाली जातं, तिथे रेल्वे खूण लावते. उभी गाडी या खुणेच्या आतच थांबली पाहिजे. ती बाहेर राहिली, तर शेजारून जाणारी गाडी तिला घासणार.

मॉडेलच्या आराखड्यातही ही खूण काढाच. सांध्यापासून मोजपट्टी पुढे सरकवत जा आणि मध्यरेषांमधलं अंतर ४९ मिलिमीटर होतं तिथे ठिपका द्या. लूप लाइनच्या दोन टोकांच्या ठिपक्यांमध्ये जी लांबी उरते, तेवढीच गाडी तिथे उभी राहू शकते. ५ एलएचबी डबे आणि एक डब्ल्यूएपी-७ इंजिन मिळून एचओमध्ये सुमारे १.६ मीटर होतात. आराखड्यात लूप २ मीटरची दिसते, पण दोन्ही बाजूंचे सांधे वजा केले की गाडी मावत नाही, हे इथेच लक्षात येतं.

फलाट असेल तर?

धुळे स्टेशन हे मॉडेलसाठी चांगलं उदाहरण आहे. चाळीसगावहून येणारा फाटा तिथे संपतो. बोरविहीर, शिरूड अशी छोटी स्टेशनं, एकेरी मार्ग आणि शेवटी टर्मिनस. मुख्य मार्गावरच्या जंक्शनपेक्षा असा फाटा छोट्या खोलीत जास्त खरा वाटतो.

भारतीय रेल्वेत ट्रॅकच्या मध्यरेषेपासून फलाटाच्या कडेपर्यंतचं अंतर १६७० ते १६८० मिलिमीटर असतं. एचओमध्ये ते सुमारे १९ मिलिमीटर. दोन ट्रॅकच्या मधोमध फलाट असेल, तर फलाटाच्या रुंदीत दोन्ही बाजूंचे १९-१९ मिलिमीटर मिळवा. समजा फलाट खऱ्या मापात ८ मीटर रुंद आहे. मॉडेलमध्ये तो ९२ मिलिमीटर होईल आणि दोन ट्रॅकच्या मध्यरेषांमध्ये सुमारे १३० मिलिमीटर ठेवावे लागतील.

हा हिशेब फक्त सरळ ट्रॅकसाठी. ४३८ मिलिमीटरच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला फलाट ठेवला, तर डब्याची टोकं फेकली जातात आणि कड ३१ मिलिमीटरहून लांब न्यावी लागते. डबा आणि फलाट यांच्यात दिसणारी ती फट मग कोणत्याच कोनातून खरी वाटत नाही. म्हणून फलाट सरळ भागातच घ्यावा.

शेवटची तपासणी कशी करायची?

आराखडा पूर्ण झाला की सगळ्यात अवघड वळणाचा भाग खऱ्या मापात, म्हणजे १०० टक्के आकारात छापा. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर प्रिंटर गुपचूप चित्र लहान करतो. खात्रीसाठी आराखड्यात १०० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवा आणि कागदावर ती फूटपट्टीने मोजा.

मग पुठ्ठ्याचे दोन डबे कापा. लांबी २७० मिलिमीटर, रुंदी ३७ मिलिमीटर. मधल्या रेषेवर, एकमेकांपासून १७१ मिलिमीटरवर दोन टाचण्या टोचा. या टाचण्या म्हणजे ट्रॉल्या. एक डबा आतल्या मध्यरेषेवरून आणि दुसरा बाहेरच्या मध्यरेषेवरून सरकवा. पुठ्ठे कुठे एकमेकांवर चढतात ते बघा. रूळ विकत घेण्याआधी, काही रुपयांच्या कागदावर चूक सापडते.

ज्यांना हे सगळं चालू अवस्थेत बघायचं आहे, त्यांच्यासाठी पुण्यात कर्वे रस्त्यालगत जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे आहे. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं हे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे आणि तिथलं मॉडेल एचओ प्रमाणातलंच आहे. तिथे गेल्यावर गाड्यांकडे तर सगळेच बघतात. दोन गाड्या वळणावर शेजारून जातात, तेव्हा त्यांच्या मधल्या जागेकडे एकदा बघा. आणि पुढच्या वेळी भुसावळच्या यार्डातून गाडी हळू जात असेल, तेव्हा खिडकीतून खालच्या दोन ट्रॅककडेही.